बाई, एकदा तरी ‘चांगलं’ म्हणायचं होतं

बाई, तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले.

एक जण म्हणाले, बाई फार शांत स्वभावाच्या होत्या. शांत? तुम्ही? आपल्या वर्गातल्या गायकवाड काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघांनीही मान खाली घातली, कारण हसू फुटायची वेळ आली होती. दुसरे म्हणाले, बाईंनी कधी कुणाला दुखावलं नाही. मग एक ताई माइकवर आल्या. म्हणाल्या, निवृत्तीनंतर बाईंनी हौशी लोकांसाठी विरंगुळा म्हणून चित्रकलेचा वर्ग चालवला. विरंगुळा! माझी कानशिलं गरम झाली. उठून बोलावं असं फार वाटलं. पण समोर सगळी शिकलेली माणसं. तुम्ही चित्रकला शिकवायचात त्या कळवणच्या शाळेतले सर, तुमच्या मुलाच्या, निखिलदादाच्या ओळखीचे लोक. माइकसमोर स्वतःचं नाव सांगतानाच मी अडखळलो असतो. म्हणून तिथं गप्प बसलो आणि आता इथं लिहितोय. तुम्हाला सांगतोय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

तुम्ही शांत नव्हता. भांडकुदळ होता. पेन्सिलला टोक नसेल तर भांडायचात, टोक जास्त असेल तरी भांडायचात. आणि आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलंय. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं, असं मी अजिबात मानत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं ते बेकरीत, काउंटरच्या काचेतून. देगलूरकडचं माझं गाव, तिथून निजामाबादच्या एका बेकरीत मैदा चाळायला लागलो आणि केकवरचं काम शिकत शिकत नाशिकला येऊन पडलो. दिवसभर केकवर गुलाब काढायचे, खाली नाव लिहायचं. इंग्रजी नावं मी अक्षर अक्षर बघून उतरवायचो, आणि चूक झाली तर सेठ काय म्हणेल या धास्तीत केक डब्यात जाईपर्यंत माझा जीव खालीवर व्हायचा. तुम्ही तुमच्या भावाच्या साठीचा केक न्यायला आला होता. मी क्रीमची पिशवी उचलली तर म्हणालात, “गुलाब नको. कांदा काढ.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“कांदा. माझा भाऊ चांदवडला कांदा पिकवतो. गुलाब घेऊन काय करणारे तो?”

गल्ल्यावरचा सेठ बघायला लागला. मी पिशवी दाबली आणि हात आपला आपण फिरला, त्याला जे फिरणं माहीत होतं तेच तो फिरला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलंत. “हा मोदक झाला,” म्हणालात. सेठ हसला, मागं उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मग तुम्ही हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंत की जन्मभर कांदा खाल्लास, कधी बघितला नाहीस का. केक मोदकासकट नेलात आणि जाताना सांगितलंत, रविवारी सकाळी इंदिरानगरला ये, माझ्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये आमचा वर्ग बसतो. मी म्हणालो, मला काही येत नाही. त्यावर म्हणालात, “काही येत नसलं तरी चालतं. सगळं येतं असं वाटणाऱ्यानं येऊ नये.”

पहिल्या रविवारी तुम्ही कागद दिलात आणि आठवेल ते काढ म्हणालात. मी खूश झालो, कारण एक चित्र मला पक्कं येत होतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. तुम्ही माझ्यामागं येऊन उभ्या राहिलात.

“गावाला डोंगर आहेत?”

“नाहीत बाई.”

“नदी?”

“हाय, पण लांब हाय.”

“आणि नारळ?”

“देवळात फोडायला आणतात.”

पोर्चभर हसू पिकलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण तुम्ही तशाच आत गेलात, जुने कागद घेऊन आलात आणि एकेक धरून दाखवायला लागलात. हा गायकवाड काकांचा पहिला दिवस. दोन डोंगर. हा शबानाभाभींचा. दोन डोंगर, आणि मालेगावची बाई असून नारळ. हा एका डॉक्टरांचा. त्यांच्या नदीत तर होडीसुद्धा. आता हसणारे सगळे गप्प. तुम्ही म्हणालात, “शाळेत आम्हीच हे तुमच्या हातात भरलंय. पाठ केलेलं इथं चालत नाही. बघितलेलं काढायचं.”

बाई, त्या वाक्यानं माझं काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी सातवीत शाळा सोडली ती पाठांतराच्या भीतीनं. पाढा घरी धडाधड यायचा. सरांची नजर पडली की पार उडून जायचा. मग छडी, मग हसणं, मग दुसऱ्या दिवशी शाळेच्या नावानं पोटात दुखणं. घरच्यांनी काढलं नाही मला, मीच जायचा थांबलो. त्यानंतर शिकलेल्या माणसासमोर उभं राहिलं की मला आजही वाटतं, हा आता काहीतरी म्हणून दाखव म्हणेल. आणि तुमच्या पोर्चमध्ये पाठ येणं हाच गुन्हा होता. मला वाटलं, ही बाई माझ्या पार्टीतली आहे.

तरी मी बसायचो दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी. कधीही निघता यावं म्हणून. रविवारी केकच्या ऑर्डरी जास्त, सेठचा फोन कधी वाजेल सांगता यायचं नाही. मी अर्धा डोळा फोनवर ठेवून काढायचो. तुम्ही मला पुढं ये असं एकदाही म्हणाला नाहीत. एका रविवारी टेबलावर काहीच मांडलं नाहीत आणि जाहीर केलंत, “आज चपला काढा.”

गायकवाड काका म्हणाले, “मी दारातच काढल्या.”

“पायातल्या नाही हो. कागदावर.”

शबानाभाभी वाकून वाकून हसल्या. पण सगळ्यांना स्टुलं उचलून माझ्या कोपऱ्याकडे तोंड करून बसावं लागलं. शेवटच्या जागेवर बसलेला मी एकदम पहिल्या रांगेत. तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाहीत, कुणाच्या तरी पेन्सिलवरून भांडत होता. मला वाटलं, योगायोग असेल. पुढं कधी हेल्मेट, कधी कुकर, कधी छत्री त्याच कोपऱ्यात यायला लागली तेव्हा कळलं.

काका एसटीत कंडक्टर होते. जन्म चालत्या गाडीत उभं राहून गेला, त्यामुळे की काय, त्यांची रेघ हलायची. घागर काढली तर घागर हिंदकळायची. तुम्ही मागून जाताना म्हणायचात, “काका, गाडी थांबवा.” काका म्हणायचे, “स्टॉप आला की थांबवतो.” शबानाभाभींचं घर यंत्रमागावरचं, त्यांना कागद रिकामा राहिलेला खपायचा नाही. एक वांगं काढायचं तर ते चारी कडांना भिडायचं. “जागा सोडली तर कापड वाया जातं बाईजी,” असं त्या म्हणायच्या. आणि मी, गुलाबवाला. असे आम्ही. एकाला हे येत नाही, दुसऱ्याला ते येत नाही, आणि तुम्ही आम्हाला कधी वेगवेगळं बसवलं नाही. काल आलेला आणि चार वर्षं येणारा एकाच कुकरकडे बघायचे.

गावाकडून आईचा फोन नेमका वर्गाच्या वेळी यायचा. ती विचारायची, “काय करूलालास रे?” मी कुजबुजून सांगायचो, चित्र काढतोय. तिला वाटायचं मी कामावर आहे. तुमच्या कानावर ते एकदा पडलं आणि तुम्ही ते उचललंत. त्यानंतर मी हात थांबवून बसलो की पाठीमागून आवाज, “नुस्तं काय बघूलालास? काढ की.” नाशिकमध्ये माझ्या बोलण्याला बरेच जण हसतात. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही ते बोलायला लागलात. घरापासून एवढ्या लांब कुणाच्या तरी तोंडात आपली भाषा ऐकणं म्हणजे काय, ते नाशिकच्या माणसाला नाही कळायचं.

सेठची तक्रार होती की वर्गाला जायला लागल्यापासून माझा गुलाब बिघडला. खरं होतं ते. मी एका बंगल्याच्या कुंपणावरचा खरा गुलाब उभा राहून बघितला होता. त्याच्या पाकळ्या आमच्या केकसारख्या गोल गोल बसत नाहीत, एक इकडे कलते, एक मधेच दुमडते. मी तसा काढायला लागलो तर वेळ लागायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, याला काय झालंय. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. बाई, चार वर्षांत तुम्ही माझ्यासाठी वाजवलेली ती एकच टाळी, आणि तीही माझं काम बिघडलं म्हणून.

कारण चांगलं म्हणायचं नाही, हा तुमचा हट्ट. चित्र पुढं केलं की तुम्ही बघायचात, एखाद्या जागी बोट ठेवायचात. हे दिसलं का? मग ही कड कुठं गेली? आणि पुढच्या माणसाकडे. छान नाही, वा नाही, वाईट तर नाहीच नाही. डॉक्टर याच कारणानं यायचे बंद झाले. आम्ही राहिलो. पण मनातून मी दर रविवारी वाट बघायचो. केक डब्यात घालून देताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघावं, तसा तुमच्या तोंडाकडे बघायचो.

मग तुम्हाला झटका आला.

तोंडाची डावी बाजू खाली आली, डावा हात मांडीवर पडून राहिला. वर्ग बंद. आम्ही तिघं येऊन फाटकातूनच विचारपूस करून जायचो. आणि एके दिवशी तुम्ही शबानाभाभींकडून सगळ्यांना फोन करवलात की रविवारी कागद घेऊन या. आलो तर तुम्ही पोर्चमध्ये खुर्चीवर, अंगावर शाल, टेबल रिकामं. शब्द फुटत नव्हते नीट, तरी म्हणालात, “फुकटचं मॉडेल मिळालंय. काढा.”

कुणाची पेन्सिल उचलेना. शबानाभाभींनी शालीची नक्षी तेवढी काढली. काका खुर्चीच्या मागं जाऊन बसले आणि त्यांनी तुमची पाठ काढली. मी चेहरा काढला. बेकरीच्या काचेला नाक लावून बघणाऱ्या बाईंचा. ओठ सरळ, दोन्ही डोळे सारखे. हात भराभर चालला. मला स्वतःलाच वाटलं, हे आजवरचं सगळ्यात सुबक काम.

तुम्ही कागद उजव्या हातात धरलात. मग एकेक अक्षर ओढून काढत म्हणालात, “तू माझा गुलाब केलास.”

मी म्हणालो, “बाई, माणसाला असं दाखवतात का?”

“असं म्हणजे?”

मी हातातल्या पेन्सिलीचं टोक बघायला लागलो.

“तुलाच बघवत नसेल,” तुम्ही म्हणालात, “तर मी आरशात कुणाच्या भरवशावर बघू?”

पुढच्या रविवारी मी तुमच्या अगदी समोर बसलो. त्या दिवशी चपलांचा कोपरा नको वाटला. पहिल्यांदा नीट बघितलं. डावा गाल सुटलेला, त्याच बाजूचा डोळा जरा मोठा आणि सारखा ओला. ओठाची रेघ मधपर्यंत सरळ येते आणि तिथून हनुवटीकडे घसरते. उजवी बाजू मात्र भांडायला तयार, भुवई चढवून बसलेली. एकाच चेहऱ्यात एक बाई दमलेली आणि एक बाई चिडलेली. मी दोघी काढल्या. मधे सेठचा फोन वाजत होता, तो मी उलटा करून ठेवला. असं मी जन्मात केलं नव्हतं.

तुम्ही ते चित्र पाहिलंत. म्हणालात, “दिसतंय.”

बस. दिसतंय. सगळे निघून गेले तरी मी थांबलो, आणि जे साठलं होतं ते बोललो. म्हणालो, बाई, एकदा तरी चांगलं म्हणा. तुम्ही म्हणालात, चांगलं म्हटलं की माणूस तेच परत काढतो, मग त्याचेही दोन डोंगर होतात. मी म्हणालो, “ते शाबासकी खात वाढलेल्यांना ठीक आहे. ज्याला कुणी कधीच म्हटलं नाही, त्यानं काय करायचं?”

माझा आवाज चढला होता. मला भीती वाटली की आजारी माणसाला बोललो. पण तुमची उजवी भुवई वर गेली, म्हणजे पटलं नव्हतं पण विचार चालू झाला होता. म्हणालात, “रविवारी बोलू.”

तो रविवार तुम्ही येऊ दिला नाहीत. दुसरा झटका मधल्या दिवसांत आला आणि तुम्ही वाद तसाच टाकून निघून गेलात. ही कुठली रीत, बाई? समोरच्याच्या पेन्सिलीचं टोक तासून दिलं आणि कागद काढून घेतला. मी रडलो, पण खरं सांगतो, रडण्यापेक्षा राग जास्त आला होता.

आता पुढचं ऐका, हे तुम्हाला माहीत नाही.

निखिलदादा बेंगळुरूहून आले, दिवस झाले, शोकसभा झाली. माणूस चांगला आहे, आमच्याशी अदबीनं वागला. घर भाड्यानं द्यायचंय, त्यामुळे पोर्च आता मिळणार नाही, हे त्यांनी फाटकाकडे बघत सांगितलं. पण आम्ही उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी आपणहून सोय बघितली. ओळखीच्या एका चित्रकला अकादमीत बोलले. तिथं शनिवार-रविवार मोठ्यांचे वर्ग असतात, तीन लेव्हल असतात, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. पोर्चमधल्या ढिगातून आमचा एकेक कागद घेऊन त्यांनी फोटो काढून पाठवलेसुद्धा. उत्तर आलं तेव्हा आम्हाला चहाला बोलावलं आणि फोनमधून वाचून दाखवलं.

शबानाभाभी, इंटरमिजिएट. गायकवाड काका, बिगिनर. बालाजी, अॅडव्हान्स. माझ्या नावापुढं आणखी एक ओळ होती. खूप चांगलं काम आहे.

बाई, खोटं कशाला बोलू, माझे कान वाजायला लागले. आईला फोन लावावा वाटला. सातवी सोडलेला पोरगा अॅडव्हान्स. शिक्का असलेला कागद मिळेल, खोलीच्या भिंतीवर लावता येईल. एका क्षणात मी तो लावूनही टाकला. मग दादांनी फोन माझ्याकडे वळवला आणि मी बघितलं की त्यांनी कोणतं चित्र पाठवलं होतं. सरळ ओठ. सारखे डोळे. तुम्ही नापास केलेलं.

शबानाभाभी म्हणाल्या, “इंटरमिजिएट म्हणजे मधे लटकलेले, ना?” त्या हसवायला बघत होत्या. काका हसले नाहीत. ते पेन्सिली डबीत भरत होते. “बरोबर आहे त्यांचं,” एवढंच बोलले, “माझी रेघ हलतेच.” आणि चहा न घेता फाटकाबाहेर पडले.

मी दादांना म्हणालो, हे चित्र बाईंना पसंत नव्हतं. दादा म्हणाले, “आई अशीच दिसायची रे.” त्यांचे डोळे भरले. मी पिशवीतून दुसरं चित्र काढलं आणि पुढं केलं. त्यांनी बघितलं, आणि लगेच पालथं केलं. म्हणाले, हे मला दाखवू नकोस.

त्यांचा मला राग आला नाही. मी आईपासून लांब राहतो, मला माहीत आहे, लांबच्या माणसाला आई कशी आठवायला हवी असते. मी म्हणालो, “ते पहिलं तुम्ही ठेवा दादा. तुमची आई आहे. पण त्याच्यावर मला लेव्हल नको.”

“अरे, पण ते चांगलं म्हणतायत.”

“म्हणू द्या.”

शिकलेल्या माणसाला मी नाही म्हणालो, बाई. तोंडावर.

मग काकांकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, निवृत्त माणसानं असलं काही धरूच नये. एवढी वर्षं पोर्चमध्ये बसून शेवटी बिगिनर. “घरी सांगितलं तर बायको हसली नाही,” ते म्हणाले. “हसली असती तर बरं वाटलं असतं.” मी सांगितलं की रविवारी आपण तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसतोय, तेव्हा स्टुलं तुम्हालाच आणावी लागतील. ते म्हणाले, सगळ्या नाशकात तुम्हाला दुसरी जागा नाही मिळाली? शबानाभाभींनी त्यांची गच्ची देऊ केली होती, पण मी म्हणालो, नाही मिळाली. गच्चीवर काका आले नसते. पार्किंगमध्ये त्यांना खाली उतरावंच लागणार होतं. चपलांच्या कोपऱ्यात मी एवढं तरी शिकलोय.

रविवारी आम्ही बसलो. दोन स्कूटरच्या मधे, पाण्याच्या टाकीशेजारी. मंडळी कमी होती. काही जण अकादमीत गेले, त्यांना जायचा हक्क आहे. काका स्टुलं घेऊन आले, स्वतः मात्र उभेच. वॉचमन आला. इथं काय चाललंय? ड्रॉइंगचा क्लास. परवानगी? काका म्हणाले, माझी गाडी काढलीय, तेवढ्या जागेत बसलोय. मग त्यानं विचारलं, “सर कोण तुमचे?”

शेवटी मीच म्हणालो, “बाई आहेत.”

“कुठंयत?”

काका म्हणाले, “त्यांना जरा उशीर होईल.” आणि खाली बसले.

मांडायला काही आणलंच नव्हतं. वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची होती, एक पाय सुतळीनं बांधलेला, तीच काढायला घेतली. शबानाभाभींची खुर्ची कागदाबाहेर चालली. माझी बरी येत होती. तुमचं ते दुसरं चित्र मी पिशवीत आणलं होतं, ते टाकीला टेकवून उभं केलं, म्हणजे तुम्हालाही दिसेल. मग उठून काकांच्या मागं गेलो, तुम्ही जायचात तसा. त्यांची रेघ हलत होती. पाठ सरळ नाही, पाय सरळ नाहीत. पण बाई, त्या हलण्यात असं काहीतरी आलं होतं, की त्या खुर्चीवरून नुकतंच कुणीतरी उठून गेलंय. खुर्ची अजून हलायची थांबलेली नाही. मला तसं काढता आलं नसतं. अॅडव्हान्स असून आलं नसतं.

तुमचं बोलणं मला आठवत होतं. बोट ठेवावं, हे दिसलं का विचारावं आणि पुढं जावं. मी बोट उचललंसुद्धा. पण ते अर्धं उघडलेलं दार आठवलं.

मी म्हणालो, “काका, चांगलं झालंय.”

शबानाभाभींची पेन्सिल थांबली. काकांनी वळून बघितलं. “बाई असं म्हणत नसत.”

“बाई नाहीत. मी म्हणतोय.”

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि स्वतःच्या चित्राकडे बघत राहिले. आता खरी परीक्षा होती, बाई, तुमची आणि माझी. तुमचं म्हणणं की चांगलं म्हटलेलं माणूस परत काढतो. काकांनी क्लिप सोडली, खुर्चीचा कागद काढून खाली ठेवला, नवा लावला. पुन्हा त्या खुर्चीकडे बघितलं.

मग ते स्टुलासकट वळले. फाटकाच्या बाजूला कुंपणावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. ती बराच वेळ बघितली, आणि पेन्सिल टेकवली.

खुर्ची परत नाही काढली, बाई. गोधडी काढली.